ताशी 25 मिलिमीटर

मुंबईच्या जुन्या भागात रस्त्यांच्या खाली विटांच्या कमानीदार वाहिन्या आहेत. इंग्रजी अमदानीत बांधलेल्या या वाहिन्यांमधून आजही पावसाचे पाणी समुद्राकडे जाते. त्यांच्या आखणीमागे एक हिशेब होता. पाऊस तासाला 25 मिलिमीटर पडेल, त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल, उरलेले निम्मे वाहून नेले की झाले. त्यातही एक अट होती, ती म्हणजे समुद्राला ओहोटी असली पाहिजे.

त्या काळी हा हिशेब गैर नव्हता. गिरगावात वाड्या होत्या, माहीमला नारळीच्या बागा होत्या, परळ-शिवडीकडे शेते होती. पाणी मुरायला जागा होती. पुढे जमीन बुजली, घरे वाढली, रस्त्यांवर आधी डांबर आणि मग काँक्रीट आले. तरी हिशेब 25 वरच राहिला. तो बदलला पाहिजे हे पालिकेला कधी कळले आणि बदलायला किती वर्षे गेली, हे तारखांनिशी सांगता येते. त्यासाठी सुरुवात मात्र पालिका जन्मण्याआधीपासून करावी लागते.

अठराव्या शतकात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये एक मोठे खिंडार होते. भरतीचे पाणी त्यातून आत शिरे आणि आज जिथे भायखळा, कामाठीपुरा, ताडदेव आहे तिथवर पसरे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत, 1784 च्या सुमारास, हे खिंडार बांध घालून बुजवण्यात आले. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू कंत्राटदाराला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि मगच काम टिकले, ही महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका मुंबईकरांना ठाऊक आहे. बांधाने शहराला शेकडो एकर जमीन दिली. ती जमीन भरतीच्या पातळीच्या खाली होती. समुद्र बाहेर अडवला खरा, पण आत पडणाऱ्या पावसालाही बाहेर जायची वाट त्याच बांधातून काढावी लागली. वरळीच्या बाजूला झडपा बसवल्या गेल्या. ओहोटीला झडप उघडायची, साठलेले पाणी सोडायचे, भरती चढू लागली की बंद करायची. ऐन भरतीत मुसळधार पाऊस आला तर पाणी आतच थांबणार, हे त्या दिवसापासून ठरलेले आहे. पुढची सगळी माणसे, सगळ्या समित्या, सगळे पंप या एकाच अडचणीशी झुंजत आले आहेत.

पुढच्या साठ वर्षांत बेटे एकमेकांना आणि साष्टीला जोडली गेली. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला, कुलाब्याचा 1838 मध्ये. माहीमच्या खाडीवरचा पूल 1845 मध्ये खुला झाला. त्यासाठी अवाबाई जीजीभाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. होड्यांतून होणारी माणसांची जीवघेणी ने-आण थांबली, हे मोठे पुण्याचे काम होते. त्याच वेळी मिठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे तिचे तोंड आवळले गेले. त्याची झळ बसायला आणखी शंभर-सव्वाशे वर्षे जायची होती, कारण नदीकाठी तेव्हा वस्ती फारशी नव्हतीच. 1860 मध्ये मिठीच्या वरच्या खोऱ्यात विहार तलाव झाला, 1891 च्या सुमारास पवई. शहर या खोऱ्याकडे प्यायच्या पाण्याचा स्रोत म्हणून पाहत होते, पुराचे ठिकाण म्हणून नव्हे.

बेटावरच्या शहराचे हाल वेगळे होते. मुख्य नाला गावातून उघडा वाहत वरळीच्या झडपांपर्यंत जाई. त्यात सांडपाणी, मैला, पावसाचे पाणी, सगळे एकत्र. भरतीला झडपा बंद झाल्या की हे सगळे आत तुंबायचे. 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड पालिकेचे आयुक्त झाले आणि त्यांनी बाजार, रस्ते, गटारे यांच्यावर हात सैल सोडून पैसा खर्च केला. त्यांच्या कामाने शहराची मृत्युसंख्या घटली, तिजोरीही रिकामी झाली. 1871 मध्ये करदाते खवळून उठले. त्या वादात सव्वीस वर्षांचा फिरोजशहा मेहता नावाचा बॅरिस्टर उभा राहिला आणि म्हणाला की दोष एका माणसाचा नाही, त्याच्यावर लोकांची देखरेख नाही हा दोष आहे. 1872 च्या कायद्याने करदात्यांना आपले प्रतिनिधी निवडून देण्याचा हक्क मिळाला. मुंबईची लोकनियुक्त पालिका, म्हणजे, रस्ते आणि गटारांच्या खर्चावरच्या भांडणातून निघाली. हे मला फार महत्त्वाचे वाटते. नगरसेवकाचे पहिले काम या शहरात पैसा कुठे मुरतो आणि पाणी कुठे मुरते हे विचारण्याचे होते. 1888 च्या कायद्याने नाल्या-गटारे बांधणे, दुरुस्त ठेवणे आणि साफ करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. कलम 61 मधली कर्तव्यांची यादी तिथूनच सुरू होते.

याच काळात एक मोठा निर्णय झाला. मैला आणि पाऊस एकाच वाहिनीत न्यायचा की वेगळा? मुंबईत पाऊस चार महिने कोसळतो आणि आठ महिने नसतो. दोन्ही एकत्र न्यायचे तर वाहिनी पावसाच्या मापाची लागते आणि उन्हाळ्यात तिच्या तळाशी मैल्याची जेमतेम धार उरते, ती साचते आणि कुजते. म्हणून सांडपाण्याची व्यवस्था निराळी झाली, ते वरळीच्या लव्हग्रोव्हला नेऊन पंपाने समुद्रात सोडायचे ठरले. पावसाच्या पाण्याला पंप मिळाला नाही. ते उतारानेच जायचे होते. सव्वाशे वर्षे ते तसेच राहिले.

प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने गल्ल्या रुंद केल्या, सखल जागा भरून काढल्या, दादर-माटुंग्याची आखीव वस्ती उभारली. मग गिरण्या, चाळी, स्वातंत्र्य. 1950 आणि 1957 मध्ये पालिकेची हद्द दोनदा वाढून दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. शहराच्या ताब्यात एकदम चार नद्या आल्या. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर. त्यांच्या काठची गावे, खाजणे, तिवरांची जंगले, मिठागरे आली. भरतीचे आणि पावसाचे पाणी पसरायला निसर्गाने ठेवलेली ही जागा होती. तिथे पुढच्या चाळीस वर्षांत काय झाले ते वांद्रे-कुर्ला संकुलाकडे पाहिले की दिसते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे या भागाचे नियोजन गेले आणि मिठीच्या दोन्ही बाजूंची पाणथळ जमीन भरून तिच्यावर देशातले सर्वांत महागडे भूखंड उभे राहिले. वरच्या बाजूला विमानतळाने नदीला काटकोनात वळवून धावपट्टीखालून मोऱ्यांमधून जायला लावले. साकीनाका-कुर्ल्याच्या पट्ट्यात भंगाराचे कारखाने आणि झोपड्या पात्रात उतरल्या. विमानतळ केंद्राच्या अखत्यारीत, संकुल राज्याच्या प्राधिकरणाकडे, रुळाखालच्या मोऱ्या रेल्वेच्या, काही जमीन जिल्हाधिकाऱ्यांची. गाळ मात्र पालिकेचा, आणि पूर आला की शिव्याही पालिकेला.

1985 च्या पावसाळ्यात शहर असे तुंबले की जुना हिशेब पुरे पडत नाही हे मान्य करणे भाग पडले. पालिकेने वॉटसन हॉक्सले या सल्लागार कंपनीकडे सगळ्या पर्जन्य जलवाहिन्यांचा अभ्यास सोपवला. बृहन्मुंबई पर्जन्य जल निचरा प्रकल्प, इंग्रजी आद्याक्षरांवरून ब्रिमस्टोवॅड, हे त्याचे नाव. अहवाल 1993 मध्ये आला.

हा अहवाल म्हणजे या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक कागद आहे असे माझे मत आहे. त्याने 25 च्या जागी तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरायला सांगितला. पुढच्या सुधारणांमध्ये दुसरे गृहीतकही सोडून देण्यात आले. शहर इतके बुजले आहे की पाणी मुरत नाही, पडेल तेवढे सगळे वाहते असे धरा. या दोन बदलांचा अर्थ एका हेक्टरवर मांडून पाहावा. जुन्या हिशेबाने एका हेक्टर जमिनीवरून तासाला सव्वा लाख लिटर पाणी न्यायचे होते. नव्या हिशेबाने पाच लाख लिटर. चौपट. म्हणजे नाले रुंद करायचे, जुन्या वाहिन्यांना जोड द्यायची, आणि जिथे पातमुख, म्हणजे वाहिनीचे समुद्राकडचे तोंड, समुद्रपातळीच्या खाली आहे तिथे भरतीला झडप बंद करून पाणी पंपाने समुद्रात फेकायचे. मुंबईत एकूण 186 पातमुखे आहेत आणि त्यातली बहुतेक सगळी मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. पंपाशिवाय मार्ग नव्हता.

खर्चाचा अंदाज 616 कोटी रुपये होता. पालिकेने तो झेपत नसल्याचे ठरवले, राज्याने आणि केंद्राने हात पुढे केला नाही. थोडी किरकोळ कामे झाली. बारा पावसाळे आले आणि गेले. प्रत्येक मे महिन्यात नालेसफाईच्या टक्केवारीचे आकडे छापून येत, प्रत्येक जुलैत तुंबलेल्या हिंदमाता चौकाचे आणि मिलन सबवेचे फोटो छापून येत, आणि 1993 चा अहवाल कपाटात होता. भारतातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला 616 कोटी जड झाले, यावर विश्वास ठेवणे मला आजही कठीण जाते.

मग 26 जुलै 2005. दुपारी दोननंतर उपनगरांवर पावसाने जो जोर धरला तो रात्रीपर्यंत सोडला नाही. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर नोंद झाली. दुपारच्या एका तासात तर 190 मिलिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाच्या साडेसात पट. त्याच सुमारास, चार वाजायच्या आत, साडेचार मीटरच्या जवळपास उंचीची भरती होती. कुलाब्याला त्या चोवीस तासांत फक्त 73 मिलिमीटर पाऊस पडला. पालिकेचे मुख्यालय आणि मंत्रालय, दोन्ही त्या कुलाब्याच्या बाजूला. शहरात वेधशाळेची पर्जन्यमापके होती ती कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन ठिकाणी, आणि कुर्ल्यात किंवा कलिन्यात त्या क्षणी किती पाऊस पडतोय हे सांगणारे यंत्रच नव्हते. उपनगरे बुडत असताना शहर चालवणाऱ्यांना ते आकड्यात दिसायला वेळ लागला.

मिठीचे पाणलोट क्षेत्र सुमारे 7,300 हेक्टर आहे. त्या सगळ्यावर सांताक्रूझएवढा पाऊस धरला तर साधा गुणाकार जवळजवळ सात हजार कोटी लिटर पाणी सांगतो. ते पाणी धावपट्टीखालच्या मोऱ्यांतून आणि माहीमच्या आवळलेल्या तोंडातून जायचे होते, समोरून भरती येत असताना. ते मागे फिरले. कुर्ल्याचे क्रांतीनगर, कलिन्यातली एअर इंडिया कॉलनी, बैलबाजार, वाकोला, सगळीकडे तळमजले पाण्याखाली गेले. लोकल थांबल्या, फोन बंद पडले, लाखो माणसे रात्रभर छातीएवढ्या पाण्यातून चालत घरी निघाली. अनेकजण मोटारीच्या काचा न उघडल्याने आत गुदमरले. साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसे गाडली गेली. मुंबईतच चारशेहून जास्त माणसे गेली, राज्यात हजारापेक्षा अधिक. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसच्या साथीने पुन्हा बळी घेतले. त्या रात्री ज्यांनी चाळीचे दरवाजे उघडून अनोळखी माणसांना चहा-बिस्किटे दिली, त्यांच्याबद्दल खूप लिहिले गेले आणि ते योग्यच आहे. पण ती माणुसकी पालिकेच्या कपाटातल्या अहवालाची भरपाई करू शकत नव्हती.

त्यानंतर कामे झाली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ऑगस्ट 2005 मध्ये राज्य सरकारने जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. मार्च 2006 मध्ये तिने अहवाल दिला. नद्यांच्या पाणलोटाप्रमाणे शहराचा विचार करा, जमिनीचे चढउतार नेमके मोजा, पाऊस जागोजागी मोजा, हे तिचे सांगणे होते. मिठीसाठी वेगळे प्राधिकरण झाले. जवळजवळ अठरा किलोमीटर लांबीच्या नदीचा वरचा सुमारे बारा किलोमीटरचा भाग पालिकेकडे आणि खालचा सहा किलोमीटरचा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आला. 2006 मध्ये अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर स्वयंचलित पर्जन्यमापके बसली, आणि कोणत्या विभागात गेल्या पंधरा मिनिटांत किती पाऊस झाला हे नियंत्रण कक्षाला दिसू लागले. 2007 मध्ये केंद्राने ब्रिमस्टोवॅडसाठी सुमारे 1,200 कोटी मंजूर केले. तोपर्यंत 616 चा अंदाज इतिहासजमा झाला होता, आणि नवा अंदाजही पुढे कित्येक पटींनी फुगत गेला. पूर आल्यानंतरचे काम पूर येण्याआधीच्या कामापेक्षा नेहमीच महाग पडते.

हाजीअली आणि इर्ला ही पहिली दोन उदंचन (पंपिंग) केंद्रे 2011 मध्ये सुरू झाली. 2015 मध्ये वरळीचे लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर, मग रे रोडचे ब्रिटानिया, 2019 मध्ये खारचे गझदरबंध. यातला एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी फेकतो. हॉर्नबीच्या बांधात जिथे झडपा होत्या, त्याच वरळीच्या बाजूला आज पावसाच्या पाण्यासाठी पंप आहेत.

या सगळ्याचा परिणाम कुठे दिसतो हे पाहायचे असेल तर पाऊस पडताना हिंदमाताच्या चौकात उभे राहावे. दादर आणि परळच्या मधला हा भाग बशीसारखा खोलगट आहे, चारही बाजूंचे पाणी तिथे उतरते. कापडाच्या दुकानदारांनी उंबरे उंच केलेत, खालची फळी रिकामी ठेवायची त्यांची जुनी सवय आहे. ब्रिटानियाचे केंद्र इथल्या पाण्यासाठी होते, पण तिथवर वाहिनी लांब आणि उतार अपुरा. म्हणून 2021 पासून प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या खोदल्या गेल्या. भरती असेपर्यंत पाणी टाकीत साठवायचे, ओहोटीला सोडायचे. दोन उड्डाणपुलांच्या मधला रस्ता उचलून जोडला, म्हणजे गाड्या वरून जातील. पाणी आजही साठते, पण बहुधा तासाभरात उतरते. चौकात गमबुटातले पालिकेचे कामगार मॅनहोलच्या जाळीवर अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, चपला, थर्माकोल हाताने काढत असतात. जाळी मोकळी झाली की पाण्याला भोवरा पडतो आणि रस्त्याचे काळे डांबर हळूहळू वर येते. शेकडो कोटींच्या यंत्रणेचे शेवटचे टोक त्या माणसाच्या हातात आहे. जाळी बसवण्यामागेही एक मृत्यू आहे. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात पोटविकारांचे एक नामवंत डॉक्टर प्रभादेवीजवळ पाण्यातून घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. त्यांचा देह दोन दिवसांनी वरळीला सापडला. त्यानंतर मॅनहोलना संरक्षक जाळ्या बसवण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला.

26 मे 2025 रोजी पाऊस ठरलेल्या तारखेच्या आधी आला आणि वरळीच्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. त्याच महिन्यात पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीतल्या गाळउपशाच्या कंत्राटांत पालिकेची सुमारे 65 कोटींची फसवणूक झाल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल केला. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, पण नालेसफाईच्या टक्केवारीकडे मुंबईकर संशयाने का पाहतो ते त्यातून कळते. ऑगस्टमध्ये कुर्ल्याला मिठीने धोक्याची पातळी ओलांडली आणि क्रांतीनगरमधल्या शेकडो माणसांना पुन्हा एकदा शाळेत हलवावे लागले. पाणी यायच्या आधी त्यांना हलवता आले, हा 2005 नंतर झालेला खरा फरक. तीच माणसे अजून तिथेच राहतात, हा न झालेला फरक.

शहर आता शेकडो किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करत आहे, म्हणजे मुरणारे पाणी आणखी कमी होणार. 50 मिलिमीटरचा आकडाही अपुरा आहे हे पालिकेचे अभियंते आता उघडपणे बोलतात, कारण तासाला त्याहून जास्त पाऊस मुंबईत दरवर्षी केव्हा ना केव्हा कोसळतो. आणि मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर हे सगळे निर्णय कित्येक वर्षे प्रशासकाच्या सहीने झाले. 1871 मध्ये करदात्यांनी भांडून मिळवलेली जागा त्या काळात रिकामी होती.

ब्रिमस्टोवॅडमध्ये आठ उदंचन केंद्रे ठरली होती. त्यातली मोगरा आणि माहुल ही दोन जागेच्या वादात अडकली आणि 2025 चा पावसाळाही त्यांच्याशिवायच गेला. अंधेरी सबवे आणि कुर्ला-चेंबूर-सायनच्या सखल भागांचे पाणी त्यांनी उपसायचे आहे. पुढच्या मे महिन्यात तुमच्या वॉर्डात कोणी नालेसफाईची टक्केवारी सांगायला आले, तर ती ऐकून घ्या आणि या दोन केंद्रांची तारीख विचारा.